दुसरा गिअर

मराठीत आपण गिअर बदलत नाही, टाकतो. आणि नीट टाकला की तो पडतो. "पडला का?" असं शेजारचा विचारतो, तोवर हाताला ते कळलेलं असतं. अकरा वर्षं मिशिगनमध्ये राहून माझ्या बोलण्यात इंग्रजी भरपूर शिरलं, पण गाडीच्या बाबतीत ही दोन क्रियापदं जागची हलली नाहीत. गेलं दीड वर्ष मी माझ्या गाडीसाठी शॉर्ट शिफ्टर निवडत होते. म्हणजे मूळ गिअरच्या दांड्याच्या जागी बसवायचा, कमी फिरणारा, बाहेरून विकत घेतलेला दांडा. वाचलं खूप, मोजलं खूप, दोनदा पैसे मोजले. निकाल मात्र शेवटी या दोन क्रियापदांनीच लावला.

गाडी आहे १९९२ सालची माझदा मियाटा. दोन माणसं बसतात, छत हातानं मागे सारता येतं, वजन हजार किलोच्या आत. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांचे पत्रे खातं, म्हणून मी ती मुद्दाम टेनेसीतून आणली. पहिली मियाटा फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी गाडीचा सगळा विचार 'जिनबा इत्ताई' या जपानी शब्दांवर बेतला होता : घोडा आणि स्वार एकजीव. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपला शब्द आठवला, मांड. मांड पक्की असली की लगाम ओढावा लागत नाही, घोड्याला स्वाराचं मन कळतं. या गाडीत गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, मध्ये केबल नाही की जोडदांड्या नाहीत. शिवाय गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) यांना ॲल्युमिनियमची एक लांब चौकट घट्ट बांधून ठेवते. त्यामुळे मूठ धरली की गिअरबॉक्सचा हात हातात घेतल्यासारखं वाटतं.

मी गाडी शिकले मामाच्या जीपवर. मामा वाईचा. अठरा पूर्ण झाली त्या उन्हाळ्यात त्यानं मला पसरणीच्या घाटाखाली नेऊन चाकामागे बसवलं. त्या जीपचा दांडा हातभर लांब, टोकाला झिजून गुळगुळीत झालेला काळा गोळा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दंड खांद्यापासून हलायचा. पहिला टाकायला गाडी पूर्ण थांबवावी लागे, नाहीतर खालून दात कचकचायचे. मी घाबरून दांडा रेटायची आणि मामा शांतपणे म्हणायचा, "ढकलू नगंस. पडू दे त्याला." वळणावर दुसरा टाकताना तो डबल क्लच करायला लावायचा : क्लच दाब, न्यूट्रल, सोड, थोडी रेस दे, पुन्हा दाब, आता टाक. आठवड्याभरात कधीतरी एकदा दुसरा असा आत गेला की आवाजच आला नाही. पाण्यात खडा सोडावा तसा. मामानं माझ्याकडं पाहिलंही नाही, बाहेर धोम धरणाच्या बाजूला बघत राहिला. पण त्यानंतर घाट संपेपर्यंत तो काही बोलला नाही, आणि मामा बोलला नाही म्हणजे काम नीट चाललंय हे आम्हा भाचरांना ठाऊक होतं.

अमेरिकेत आल्यावर हात बदलला. तिथं डावा, इथं उजवा. लोक एवढंच सांगतात, पण याहून खोल एक बदल आहे. गिअरचा नकाशा दोन्हीकडं सारखाच असतो, पहिला-दुसरा डाव्या हाताला. भारतात आपण उजवीकडं बसतो, म्हणून पहिला-दुसरा आपल्यापासून लांबच्या बाजूला येतो. इथं डावीकडं बसल्यावर तोच पहिला-दुसरा मांडीजवळ येतो. तिकडं दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा आपल्याकडं ओढायचा, इकडं आपल्यापासून दूर द्यायचा. जपानी गाडी, अमेरिकेतली बाजू आणि वाईत शिकलेला हात, यांचं जुळायला मला एक उन्हाळा लागला. ही बाजूची गोष्ट पुढं महत्त्वाची ठरली.

शॉर्ट शिफ्टरची ओढ लागली ती ओळखीतल्या एकाची गाडी चालवून. त्याचीही मियाटाच, माझ्याहून थोडी नवी. पार्किंगमध्ये गाडी बंद असताना मी मूठ धरली आणि पहिला, दुसरा, तिसरा, चौथा नुसते टाकून पाहिले. दंड हललाच नाही, सगळं मनगटात. टक, टक, टक. बंदुकीच्या खटक्यासारखं. तिथून घरी येताना माझा दांडा मला ढिला, लोळणारा वाटायला लागला. तिसऱ्यात असतानासुद्धा मूठ डावी-उजवीकडं दोन बोटं हलत होती.

मी इंजिनिअर आहे, पण दांड्याचं गणित मला कागदापेक्षा पहारीवर लवकर कळतं. शेतात मोठा धोंडा उलथवायचा असेल तर पहारीखाली दगडाचा टेकू देतात. टेकू धोंड्याच्या जवळ असेल तर हातातलं टोक बरंच खाली न्यावं लागतं, पण जोर कमी लागतो. टेकू आपल्याकडं सरकवला की हात थोडाच हलतो आणि कंबर मोडते. गिअरचा दांडा हीच पहार आहे. मधला गोळा म्हणजे टेकू, खालचं टोक गिअरबॉक्समधल्या सळईला ढकलतं आणि वरच्या टोकाला आपली मूठ. समजा, टेकूच्या वर २४० मिलिमीटर आणि खाली ४० आहे. मग सळई एक मिलिमीटर हलवायला मूठ सहा मिलिमीटर फिरते. शॉर्ट शिफ्टरमध्ये मुख्यतः टेकू वर नेतात. दहा मिलिमीटर वर नेला तर वर २३० आणि खाली ५०, म्हणजे सहाच्या जागी ४.६. हाताचा प्रवास २३ टक्क्यांनी कमी, जोर तीस टक्क्यांनी जास्त. वीस मिलिमीटर वर नेला तर प्रवास ३९ टक्क्यांनी घटतो आणि जोर दीडपटीच्याही पुढं जातो. विकणारे पहिला आकडा मोठ्या अक्षरात छापतात. दुसरा आकडा त्याच भागाकारातून निघतो, तो कुठंच नसतो.

सळईला गिअरबॉक्सच्या आत जेवढं हलायचं तेवढंच हलायचं असतं, त्यात कोणताही शिफ्टर काही कमी करू शकत नाही. आणि वेळही फारसा वाचत नाही. हे मला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारा भाग, नीट समजल्यावर पटलं. धावत्या एसटीत चढणारा माणूस कसा चढतो? आधी दांडी धरून गाडीबरोबर चार पावलं पळतो, वेग जुळला की पाय वर घेतो. गिअरबॉक्समध्ये ती चार पावलं पितळी कडी पळते. दोन वेगवेगळ्या वेगानं फिरणारे भाग तिच्या उतरत्या पृष्ठभागावर घासले जातात, वेग जुळतो, मग दात एकमेकांत शिरतात. त्या क्षणी मुठीला हलकीशी अडवणूक जाणवते आणि मग ती वितळते. यालाच आपण पडणं म्हणतो. हात कितीही लवकर पोचला तरी त्या कडीला तिची चार पावलं पळावीच लागतात. ती पळायच्या आत जो रेटतो तो कडी झिजवतो.

म्हणून मी आधी काही विकत घेतलं नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी दांडा उघडला.

मूठ फिरवून काढली, मधला कन्सोल उचलला. त्याखाली मोठा रबरी बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण, चार बोल्टांनी बसवलेला, काठ भेगाळलेला. त्याच्या खाली छोटा बूट आणि पत्र्याची गोल पट्टी, तिचे तीन बोल्ट दहाच्या पान्याचे. छोट्या बुटाला करंगळी जाईल एवढी चीर होती. गरम हवा पायाशी का येत होती ते तिथंच कळलं. दांडा सरळ वर ओढला तेव्हा त्याच्यासोबत जुन्या गिअर ऑइलचा वास वर आला, सडक्या लसणासारखा, बोटांना दोन दिवस राहणारा. दांड्याच्या खालच्या टोकाला एक प्लास्टिकचा बुश असतो, अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, टोपीसारखा. नवा असताना पांढरा. माझा चहासारखा तपकिरी झाला होता आणि एका बाजूनं फाटला होता. तिसऱ्यात मूठ दोन बोटं हलत होती ती या फाटीमुळं. ज्या खोबणीत दांडा बसतो तिला स्वतःचं तेल असतं, गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं, जेमतेम नव्वद मिलिलिटर. माझ्या गाडीत तिथं तळाशी काळी साय उरली होती. बहुतेक तीस वर्षांत ती खोबण कुणी उघडलीच नसावी.

नवा बुश, नवी लहरी चकती, दोन्ही बूट आणि तेल. गिअरबॉक्सचं तेलही बदललं, दोन लिटर, ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. हा दर्जा मी आग्रहानं सांगते, कारण दुकानात जीएल-५ समोर असतं आणि आकडा मोठा म्हणून लोक तेच उचलतात. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, ती पितळेला मानवतीलच असं नाही. शिवाय कडीला पकडायला घर्षण लागतं, तिथं जास्त बुळबुळीत तेल उपयोगाचं नाही. त्याच आठवड्यात क्लचच्या तळाचा छोटा सिलिंडर पाझरतोय हेही दिसलं. क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणून दुसरा कुरकुरत होता, आणि मी महिनोन्महिने दोष दांड्याला देत होते. सिलिंडर बदलला. नवऱ्यानं आत बसून पेडल दाबलं, मी खाली पडून क्लचच्या नळीतली हवा काढली.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली. दुसरा पडला. खरंच पडला.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मला तो मनगटातला खटका हवा होता, आणि तो हवा असण्यात मला काही चूक वाटत नाही. मग मी जास्तीत जास्त आखूड म्हणून विकला जाणारा शिफ्टर मागवला. बसवायला अर्धा तास लागला. पहिले दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी हायवेवर इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) पुढं गेलं की मुठीतून एक बारीक किणकिण सुरू झाली, गिअरबॉक्सच्या दातांचा सूर थेट तळव्यात. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच दांड्यांच्या पोटात रबर असतं, ते हा सूर गिळतं. हा दांडा एकाच धातूचा, भरीव. ती किणकिण मी सहन केली असती. नोव्हेंबरमध्ये थंडी उतरली तेव्हा मात्र दुसरा पडेना. थंडीत तेल घट्ट होतं, कडीला वेग जुळवायला जास्त पावलं लागतात. मूळ दांड्यानं तेवढा वेळ मुठीवर नुसतं वजन ठेवून काढता यायचा. आता तेवढ्याच कामाला दीडपट जोर, आणि मी पुन्हा रेटायला लागले होते. वाईच्या पहिल्या आठवड्यासारखी.

पण तो मी काढला याचं कारण वेगळं आहे. एका संध्याकाळी हायवेवर चढत होते. तिसरा, सहा हजार आरपीएम, आता चौथा. चौथा तिसऱ्याच्या सरळ खाली. पण इथं उजव्या हातानं मागे ओढताना दंड नकळत अंगाकडं वळतो, आणि अंगाकडं दुसरा असतो. भारतात हीच ओढ उलट बाजूला गेली असती. दांडा दुसऱ्याच्या फटीत शिरला आणि अडला. क्लच अजून दाबलेला होता. मी क्षणभर आणखी जोर दिला, कारण त्या शिफ्टरवर प्रत्येक गिअर असाच अडायचा. मग काहीतरी खटकलं, दांडा सोडला, तो आपोआप मधे आला आणि चौथा सरळ गेला. घरी येऊन आकडे मांडले. या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्याचं गुणोत्तर १.३३० आहे, दुसऱ्याचं १.८८८. तिसऱ्यात सहा हजारांवर असताना दुसरा पडून क्लच सुटला असता तर इंजिन साडेआठ हजारांवर फेकलं गेलं असतं. लाल रेघ, म्हणजे इंजिननं ओलांडू नये ती मर्यादा, सात हजारांच्या आसपास. अशा वेळी इंजिनचा वेग रोखणारी यंत्रणा काही करू शकत नाही, कारण तेव्हा इंजिनला पेट्रोल फिरवत नसतं, चाकं फिरवत असतात. इंजिनची मोडतोड होऊ शकते.

सिंक्रोची अडवणूक हा चुकीच्या गिअरचा शेवटचा इशारा असतो. मूळ दांड्यावर तो इशारा स्पष्ट येतो, कारण एरवी हात हलका असतो. सगळंच जड करून ठेवलं की तो इशारा त्या जडपणात बुडतो. हे मला कुठल्याच वर्णनात वाचायला मिळालं नाही, आणि माझ्या मते शिफ्टर निवडताना सगळ्यात आधी विचार करायचा तो याचाच.

हिवाळाभर गाडी आच्छादनाखाली होती आणि मी मोजमापं करत होते. फोनवर पुण्याचा मावसभाऊ भेटायचा, त्यालाही हेच वेड. त्याची गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन केबल : एक डावं-उजवं सांभाळते, दुसरी पुढं-मागं. तिथं प्रश्नच निराळा. केबलच्या टोकांचे रबरी बुश दबलेले असले किंवा इंजिनचे माउंट सैल असले तर वर कितीही महागडा शिफ्टर लावा, हात हवेतच फिरतो. शिवाय बरेच शिफ्टर फक्त पुढचं-मागचं अंतर कमी करतात, आडवं तेवढंच ठेवतात, मग हाताला तो नकाशा वेडावाकडा लागतो. त्याला म्हटलं, आधी बुश बदल, मग महिनाभरानं बोल. महिन्यानं त्याचा फोन आला नाही, थेट लोणावळ्याहून फोटो आला.

मार्चमध्ये मी दुसरा शिफ्टर घेतला. टेकू दहा मिलिमीटर वर, त्याहून जास्त नाही. पोटात रबर असलेला. उंची मूळ दांड्याएवढीच, कारण दांडा वरून कापून आखूड केला की मूठ खाली जाते आणि स्टिअरिंगवरून हात तिथवर पोचायला लांब पडतो. माझी उंची पाच फूट एक इंच आहे, मला ते अंतर खांद्यात कळतं. मुठीवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मुठीचं वजन ही फार कमी लोकांनी मनावर घेतलेली गोष्ट आहे. जड मूठ चालू झाली की स्वतःच्या गतीनं पुढं जात राहते, कडी वेग जुळवत असताना आपल्या हाताचं काम ती थोडं वाटून घेते. पोलादी मूठ म्हणून छान. पण ही उघड्या छताची गाडी, जुलैच्या उन्हात पोलादाला हात लावता येत नाही आणि ऑक्टोबरच्या सकाळी ते बर्फ असतं. मी आतून पोलाद आणि वरून घट्ट काळं प्लास्टिक असलेली गोल मूठ घेतली. घेताना आटे बघावे लागतात : माझदाचे एम१० बाय १.२५, होंडाचे एम१० बाय १.५. दोन्ही दिसायला सारखे, आणि चुकीची मूठ दोन फेरे सहज फिरते, मग आटे खाते.

एप्रिलअखेर उत्तरेला एम-११९ या रस्त्यावर गेले. हार्बर स्प्रिंग्जपासून क्रॉस व्हिलेजपर्यंत वीस मैल, डाव्या हाताला खाली मिशिगन सरोवर, वर झाडांची कमान, रस्ता एवढा अरुंद की मधली पट्टीच नाही. पालवी अजून फुटायची होती. सगळी वळणं दुसऱ्या-तिसऱ्यात. त्या वीस मैलांत मी दांड्याचा विचार एकदाही केला नाही. शेवटी गाडी थांबवली आणि तेव्हा लक्षात आलं की मूठ कोमट झाली होती.

जूनमध्ये मामा आला. मामी गेल्यावर पहिल्यांदाच वाईबाहेर पडला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, डावा गुडघा वाकत नाही, चार वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं. रविवारी सकाळी त्याला मियाटात बसवला. खाली बसताना "किती बुटकी गं ही" म्हणाला आणि छत मागे सारल्यावर टोपी मांडीवर घेऊन बसला. घराजवळच्या शाळेचं मोठं पार्किंग रिकामं होतं. मी पहिल्यात गाडी हळू चालवत होते, आणि पाहिलं तर मामाचा डावा हात मुठीजवळ येऊन थांबला होता. तो उजवीकडं बसला होता. चाळीस वर्षं गाडी चालवताना जिथं बसला अगदी तिथं, आणि दांडा त्याच्या डाव्या हाताला. पहिला-दुसरा लांबच्या बाजूला, तिसरा जवळ. माझ्यासाठी उलटा झालेला नकाशा त्याच्यासाठी सरळ होता.

"मामा, तू टाक," मी म्हटलं. "क्लच मी दाबते."

त्यानं मूठ धरली नाही. तळहात नुसता वर ठेवला, बोटं सैल. मी थोडा वेग घेतला, ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला. त्यानं दांडा मागे आणला, फटीपाशी एक श्वास थांबला, आणि दुसरा पडला. आवाज नाही, झटका नाही. मी क्लच सोडला.

मामानं दांड्याकडं पाहिलं, मग समोर.

"लई जवळ आणलास गं," तो म्हणाला. "पण वाट सोडलीय त्याला."

पार्किंगच्या टोकाला वळून आम्ही परत निघालो, तेव्हाही त्याचा हात तिथंच होता.

"दाब," तो म्हणाला. "तिसरा."